पाऊस, फेरीबोट आणि रेल्वे, तिन्हीत चालेल अशी कॅमेऱ्याची सॅक कुठली घ्यावी?

खाडीकाठ

नमस्कार मंडळी. इथे बरेच दिवस नुसती वाचत होते, आज पहिल्यांदा विचारतेय, तेव्हा थोडं लांबलं तर सांभाळून घ्या.

मी गुहागरला असते. आसपासच्या होमस्टेवाल्यांचे, घरगुती खानावळींचे फोटो काढून देते, त्यावर घर चालतं, आणि थंडी पडली की पक्ष्यांच्या मागे फिरते. कामासाठी दाभोळ, दापोली, हर्णैला सारखं जाणं होतं, म्हणजे स्कूटी घेऊन धोपाव्याला फेरीबोटीत चढायचं आणि पलीकडे उतरून पुढे. महिन्यातून एकदा चिपळूणहून गाडी पकडून मुंबई. आणि यंदा डिसेंबरात भरतपूरला केवलादेवला पक्षी बघायला जायचंय, म्हणजे विमान आलं.

सामान सांगते. सोनीचा ए सेव्हन थ्री, २४-१०५ ची लेन्स, २००-६०० ची मोठी लेन्स, तेरा इंची मॅकबुक एअर, छोटा ड्रोन (२४९ ग्रॅमवाला) आणि त्याच्या तीन बॅटऱ्या, पॉवरबँक, दोन हार्डडिस्क, चार्जर आणि वायरींचं भेंडोळं. ट्रायपॉड बाहेर लटकवते.

आत्ताची सॅक तीन वर्षांपूर्वी ऑनलाइन घेतलेली, कंपनीचं नाव घेत नाही. खास कॅमेऱ्याचीच आहे, रेनकव्हर सोबत आलेलं. पण गेल्या जुलैत काय झालं, धोपाव्याहून बोटीत चढले तेव्हा पाऊस धो धो, सॅक पाठीवर, कव्हर नीट ताणून लावलेलं, अंगात रेनकोट. दाभोळला उतरून एका टपरीत चेन उघडली तर कॅमेऱ्याचा कप्पा कोरडा आणि लॅपटॉपचा कप्पा चिंब. लॅपटॉप पिशवीत होता म्हणून वाचला. कव्हर कुठे फाटलेलंही नाही, मग पाणी शिरलं कुठून हे मला अजून कळलेलं नाही.

दुसरं म्हणजे सॅकच्या आतलं अस्तर आता चिकट झालंय. हात लावला की काळसर पापुद्रे निघतात आणि लेन्सच्या टोपणावर चिकटतात, जुन्या छत्रीच्या कापडाचं होतं तसं.

बजेट बारा ते पंधरा हजार. उंची पाच फूट एक इंच आहे, हे पण सांगून ठेवते कारण आत्ताची सॅक मला कमरेच्या खाली जाते. आता परत कॅमेऱ्याचीच सॅक घेऊ का ट्रेकिंगची साधी सॅक घेऊन आत काही करता येतं? आणि वॉटरप्रूफ म्हणून विकतात त्या खरंच असतात का?

कातळसडा

ताई, आधी तुमच्या लॅपटॉपचं कोडं सोडवतो, कारण हे माझ्याही बाबतीत झालंय आणि समजायला मला दोन पावसाळे लागले. रेनकव्हर सॅकच्या पुढच्या अंगाला असतं, पाठीकडची बाजू उघडीच असते, तिथे पट्टे असतात म्हणून ती झाकताच येत नाही. तुमच्या रेनकोटवर पडलेलं पाणी मानेवरून, खांद्यावरून ओघळतं आणि पाठ आणि सॅकच्या मधल्या फटीत उतरतं. तिथे जाळीचं फोम असतं, ते स्पंजासारखं पाणी पितं आणि त्याला लागूनच लॅपटॉपचा कप्पा. शिवणीतून पाणी आत. वरून कव्हर जितकं घट्ट तितकं ते पाणी खाली साठून राहतं, कव्हरच्या तळाला भोक नसेल तर एक वाटीभर पाणी मी स्वतः ओतून टाकलंय.

आणि स्कूटीवर तर कव्हरात वारा भरतो, ते शिडासारखं फुगतं आणि एका बाजूने सटकतं. पट्ट्यांखालून आडवं बांधायची एक दोरी असली तर बरं.

मी राजापूर-रत्नागिरीच्या सड्यांवर, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारांवर, कातळशिल्पांचे, म्हणजे कातळात कोरलेल्या जुन्या चित्रांचे, फोटो काढत फिरतो. कशेळी, उक्षी, देवाचे गोठणे, बारसू. सड्यावर आडोसा नावाला नसतो, झाड नाही, टपरी नाही. कशेळीचा हत्तीच अठरा मीटर लांब, तो एका फोटोत घ्यायचा तर लांब उभं राहायचं नाहीतर उंच काठी लावायची, आणि तेवढ्यात समुद्राकडून सर आली की पाच मिनिटांत सगळं झोडपून निघतं. त्यामुळे माझं मत पक्कं झालंय की पाणी बाहेर अडवण्याच्या नादी लागू नका, आत अडवा.

म्हणजे असं. ट्रेकिंगची किंवा प्रवासाची चांगली सॅक घ्या, ३० ते ३५ लिटरची, जी तुमच्या पाठीला बसते. तिच्यात कॅमेऱ्याचा वेगळा क्यूब टाका, म्हणजे कप्प्या-कप्प्यांचा गादी लावलेला डबा, सुटा मिळतो. हा क्यूब एका ड्रायबॅगेत, म्हणजे तोंड गुंडाळून बक्कल लावतात त्या होडीवाल्या पिशवीत, आणि मग सॅकेत. लॅपटॉपला वेगळी छोटी ड्रायबॅग. डेकॅथलॉनमध्ये कयाकिंगच्या विभागात मिळतात, पाच लिटरपासून मोठ्या आकारापर्यंत. तोंड तीनदा गुंडाळायचं, एकदाच गुंडाळून बक्कल लावलं तर तो नुसता देखावा. मग सॅक भिजली तर भिजू दे, ती वाळते.

वॉटरप्रूफचं विचारलंत. दुकानात ज्याला वॉटरप्रूफ म्हणतात ते बहुतेक वेळा कापड असतं, पिशवी नसते. कापडातून पाणी जात नाही, पण शिवणीतून जातं आणि चेनमधून जातं. ती रबर लावल्यासारखी चकचकीत चेन दिसते ना, ती शिंतोडे अडवते, तासभराचा कोकणातला पाऊस नाही. खरी वॉटरप्रूफ म्हणजे जिची शिवण चिकटवलेली असते आणि तोंड गुंडाळायचं असतं, पण तशी सॅक कॅमेऱ्याला गैरसोयीची, सगळं वरून उपसावं लागतं.

अस्तराचं सांगतो. ते पॉलियुरेथेनचं, पीयू म्हणतात. हवेतल्या ओलाव्याने त्याची आतली साखळी तुटत जाते आणि ते चिकट होऊन सुटतं, दमट उन्हाळा आणि बंद कपाट मिळालं की आणखी लवकर. पापुद्रे लेन्सवर जाऊ देऊ नका, ही सॅक आता निवृत्त करा. नवीन घेताना टीपीयूचा, म्हणजे थर्मोप्लास्टिक पॉलियुरेथेनचा, लेप असेल तर जास्त टिकतो, दुकानदाराला नाही कळलं तरी आतल्या लेबलवर बघा.

मांडव

वरच्या दादांचं पटलं पण सगळ्यांना लागू नाही. मी कुडाळ-सावंतवाडी भागात लग्नांचे फोटो काढतो. ड्रायबॅगच्या आत क्यूब, क्यूबच्या आत लेन्स, ती काढेपर्यंत अंतरपाट खाली आलेला असतो. माझ्याकडे खास कॅमेऱ्याची सॅक आहे, बाजूने चेन उघडते, एक पट्टा खांद्यावरून काढून सॅक पोटाशी फिरवली की कॅमेरा हातात, जमिनीवर ठेवायची गरजच नाही. लग्नात जमीन म्हणजे चपला, अक्षता आणि सांडलेलं सरबत.

पण माझा प्रवास गाडीतून असतो हे पण सांगायला हवं. सॅक मागच्या सीटवर. ताईंचा प्रवास स्कूटी आणि बोट, मग प्रश्न वेगळा. तरी बाजूची चेन बघूनच घ्या, पक्षी पण थांबत नाही कुणासाठी.

भिंग

मी कॅमेरे आणि लेन्स दुरुस्त करतो, रत्नागिरीत. इथे पावसाच्या पाण्यावर इतकं बोलणं झालं पण माझ्याकडे पावसात भिजलेले कॅमेरे वर्षाला मोजके येतात. बुरशी लागलेल्या लेन्स मात्र गणपतीनंतर रांगेने येतात. दहातल्या बहुतेक लोकांचं उत्तर एकच असतं, "अहो, मी तर लेन्स चांगल्या बॅगेत ठेवली होती." तेच तर चुकलं.

बॅगेचं फोम ओलावा धरून ठेवतं. बाहेरून हात लावलात तर कोरडं वाटेल. चेन बंद, आत अंधार, हवा हलत नाही, ७० टक्क्यांच्या वर आर्द्रता आणि २८-३० अंश तापमान. बुरशीला यापेक्षा आणखी काय पाहिजे. आधी काचेच्या कडेला कोळिष्टकासारखा एक बारीक तंतू दिसतो, मोबाइलचा टॉर्च मागून तिरका धरलात की दिसतो, सरळ बघून दिसत नाही. त्या अवस्थेत आणलंत तर पुसून निघते. महिनाभर उशीर केला तर ती काचेवरचा लेपच खाते आणि मग पुसल्यावरही नक्षी राहते. ते मी नीट करू शकत नाही, कोणीच करू शकत नाही.

म्हणून ताई, सॅक कुठलीही घ्या, सॅक ही प्रवासासाठी आहे, घरी ठेवण्यासाठी नाही. घरी आलात की सगळं बाहेर. क्यूब उघडा करून पंख्याखाली. कॅमेरा आणि लेन्स रबर असलेल्या हवाबंद डब्यात, सिलिका जेल आणि आर्द्रता दाखवणारं छोटं मीटर आत टाकून. काटा ४० ते ५० मध्ये राहिला पाहिजे. ३० च्या खाली पण नेऊ नका, आतलं वंगण आणि रबर सुकतं. परवडत असेल तर विजेवर चालणारं ड्राय कॅबिनेट घ्या, दोन दिवस वीज गेली तरी दार बंद ठेवलंत तर फारसं बिघडत नाही.

सिलिका जेल नारिंगी घ्या, ओलावा प्यायलं की हिरवं पडतं. निळं असतं त्यात कोबाल्ट क्लोराइड असतं, ते विषारी, ते गुलाबी पडतं. दोन्ही तापवून परत वापरता येतात, १२० अंशाच्या आसपास ओव्हनमध्ये तास-दोन तास किंवा मंद आचेवर तव्यात. पण तो तवा वेगळा ठेवा, त्यावर परत भाकरी टाकू नका.

कातळसडा यांच्या ड्रायबॅगेला माझा विरोध नाही पण एक गोष्ट त्यात राहिली. ड्रायबॅग पाणी बाहेर ठेवते तशी आतला ओलावा पण आतच ठेवते. भिजलेल्या हाताने कॅमेरा आत टाकला, तोंड गुंडाळलं आणि रात्रभर विसरलात तर आत शिजत ठेवल्यासारखं होतं. आत सिलिकाच्या दोन मोठ्या पुड्या हव्यातच आणि मुक्कामाला पोचलात की पहिलं तोंड उघडायचं.

आणि एसीचं. मुंबईहून एसी डब्यात सहा तास बसून चिपळूणला उतरलात आणि लगेच कॅमेरा काढलात की काचेवर आणि आत सेन्सरवर दव धरतं, थंड ताकाच्या भांड्यावर धरतं तसं. सॅक बंदच ठेवा, अर्धा तास, मग उघडा.

कातळसडा

भिंग, ड्रायबॅग उघडी करण्याचं अगदी बरोबर, ते मी लिहायलाच हवं होतं. माझ्या एका लेन्सला कडेला बुरशी लागलीय ती बहुतेक अशानेच.

वाळूची_पावलं

ताई मी पण पाच फूट दोनच, म्हणून हे लिहितेय कारण वरच्या सगळ्यांनी सामानाबद्दल लिहिलं, पाठीबद्दल कुणी नाही.

मार्च-एप्रिलमध्ये वेळास-आंजर्ल्याला कासवांची पिल्लं सोडतात तेव्हा मी दरवर्षी जाते, पहाटे आणि संध्याकाळी वाळूत चालायचं. जुनी सॅक पुरुषांच्या मापाची होती, कमरेचा पट्टा मांडीवर यायचा, मग सगळं वजन खांद्यावर. एका हंगामात मान धरली ती जूनपर्यंत सुटली नाही. नंतर कळलं की सॅक लिटरवर बघायची नसते, पाठीच्या लांबीवर बघायची असते. मान पुढे वाकवल्यावर जे हाड वर येतं तिथून कमरेच्या हाडाच्या रेषेपर्यंत टेपने मोजा. माझं ४१ सेंटिमीटर आलं. ज्या सॅकेत खांद्याचे पट्टे खालीवर सरकवता येतात किंवा छोट्या मापात मिळतात तीच घ्या. ट्रेकिंगवाल्या सॅकांत हे मिळतं, कॅमेऱ्याच्या सॅकांत क्वचित. कमरेचा पट्टा नुसता पातळ फीत असेल तर तो सॅक हलू नये म्हणून आहे, वजन घेण्यासाठी नाही. वजन घ्यायचं तर गादीचा पाहिजे आणि तो कमरेच्या हाडावर बसला पाहिजे.

दुकानात रिकामी सॅक घालून बघू नका. तुमची मोठी लेन्स घेऊन जा नाहीतर घरून सहा-सात किलो तांदूळ न्या आणि ते आत टाकून दुकानात दहा मिनिटं फिरा. दुकानदार काही म्हणत नाही.

आणि वाळू. पुढून उघडणारी सॅक वाळूवर पाठीच्या बाजूने ठेवावी लागते, मग ओली वाळू पट्ट्यांना लागते आणि दिवसभर मानेला घासते. पाठीकडून उघडणारी असेल तर ती पालथी ठेवता येते, पट्टे वर राहतात, कोरडे. शिवाय गर्दीत मागून कुणी चेन उघडू शकत नाही. मला तरी आता पाठीकडून उघडणारीच हवी असते.

कासवांच्या वेळी फ्लॅश बंद ठेवायचा असतो हे तुम्हाला माहीत असेलच, तरी लिहिते.

खाडीकाठ

केवढं लिहिलंत सगळ्यांनी. पाण्याचं वाचून लख्ख प्रकाश पडला, त्या दिवशी माझ्या पाठीला गार लागत होतं ते मला आठवतंय, मी समजत होते घाम आहे.

भिंग, तुमचं वाचून रात्री अकराला उठून टॉर्च लावून दोन्ही लेन्स बघितल्या. २४-१०५ स्वच्छ आहे. मोठीच्या पुढच्या काचेच्या कडेला काहीतरी दिसतंय, केसाएवढं. पुढच्या आठवड्यात रत्नागिरीला घेऊन येते.

टेपने मोजलं, ३९ आलं.

आता दोन प्रश्न राहिले. माझी मोठी लेन्स कॅमेऱ्याला लावूनच ठेवायची म्हटलं तर केवढी सॅक लागेल? आणि विमानात हे सगळं चालेल का?

कातळसडा

२००-६०० ची लांबी ३१८ मिलिमीटर. त्याला मागे कॅमेरा लावलात आणि पुढे टोपण, की ४० सेंटिमीटर धरून चाला, आणि हूड (लेन्सच्या तोंडाचं ऊन अडवणारं नळकांडं) उलटा लावून ठेवता म्हणजे रुंदीला पण वाढतं. सॅकची बाहेरची उंची ५० लिहिलेली असते त्यात आतली ४२-४३ च मिळते, गादी आणि तळ त्यात जातात. म्हणून बाहेरचं माप वाचून ऑनलाइन मागवू नका. आत फूटपट्टी घालून मोजा. आणि क्यूब घेताना तो पण लांबट घ्या, चौकोनी क्यूबमध्ये ही लेन्स जात नाही.

विमानाचं वजन काढून बघू. कॅमेरा ६५० ग्रॅम, २४-१०५ साधारण ६६०, मोठी लेन्स २,११५. झाले सव्वातीन किलोच्या वर, जवळजवळ साडेतीन. मॅकबुक एअर सव्वा किलो. ड्रोन, रिमोट, बॅटऱ्या मिळून किलोला थोडं कमी. पॉवरबँक, डिस्क, चार्जर धरा एक किलो. हे साडेसहाच्या वर गेलं आणि अजून सॅकचं वजन यात नाही. आपल्याकडे देशातल्या विमानात इकॉनॉमीला हातातल्या सामानाची मर्यादा साधारण ७ किलो आणि माप ५५ बाय ३५ बाय २५ सेंटिमीटर. म्हणजे सॅक अडीच किलोची घेतलीत तर काउंटरवर वाद नक्की. इथे परत साधी सॅक जिंकते, ट्रेकिंगची ३० लिटरची सव्वा किलोत मिळते, कॅमेऱ्याच्या सॅका दोन-अडीच किलोच्या असतात, गादीचंच वजन. तरीही थोडं जास्तच होतंय, त्यामुळे जॅकेटच्या खिशात छोटी लेन्स आणि डिस्का टाकायची तयारी ठेवा. चार्जर आणि वायरी चेकइनमध्ये गेल्या तरी चालतात.

बॅटऱ्या मात्र जात नाहीत. पॉवरबँक आणि सुट्या लिथियम बॅटऱ्या हातातल्या सामानातच, चेकइन बॅगेत चालत नाहीत. पॉवरबँक १०० वॉट-अवरपर्यंत सरळ चालते, १०० ते १६० ला विमान कंपनीची परवानगी लागते. २०,००० एमएएचची म्हणजे ३.७ व्होल्टने गुणून ७४ वॉट-अवर, ती बसते. तिच्यावर आकडा छापलेला वाचता येतोय ना बघा, खरवडलेला असेल तर अडवतात. कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या १६ च्या आसपास असतात, त्यांची चिंता नाही, फक्त टोकांना टोपण किंवा चिकटपट्टी लावा म्हणजे चावीला वगैरे लागून शॉर्ट होणार नाही.

तळाशील

मालवणसून लिवतंय. होडीवरच्या प्रवासाचा काय ता सांगतंय, बाकी मराठीत लिहितो म्हणजे सगळ्यांना कळेल.

होडीत कमरेचा आणि छातीचा पट्टा लावून बसू नका. दोन्ही सोडा. सिंधुदुर्ग किल्ल्यावर जाताना लोक दहा किलो पाठीला आवळून बसलेले बघतो तेव्हा पोटात गोळा येतो. पाण्यात पडलात तर सॅक आधी सुटली पाहिजे. पाठीवर पण नको, दोन पायांच्या मधे ठेवा, एक पट्टा गुडघ्यात अडकवून. फेरीबोटीत एवढी भीती नसते पण सवय एकच असू दे. ड्रायबॅगेत हवा राहिली तर ती तरंगते, हा तिचा दुसरा फायदा, तोंड गुंडाळताना सगळी हवा दाबून काढू नका.

खाऱ्या पाण्याने चेन धरते हे कुणी लिहिलं नाही. चेनचा सरकता तुकडा धातूचा असतो, त्यावर पांढरं मीठ धरतं मग हिरवं, आणि एक दिवस ऐन वेळी अर्ध्यात अडकते. समुद्रावरून आलात की गोड्या पाण्याचं फडकं फिरवा, वाळल्यावर मेणबत्ती दातांवर घासा, दोनदा उघडझाप करा. तेल लावू नका, वाळू चिकटते. ट्रायपॉडचे पाय पण गोड्या पाण्याने, लांब करून धुवा आणि उभे करून वाळवा. बारीक चेन घेऊ नका, दाते जाड असलेली घ्या. प्लास्टिकची बक्कलं बरी, पण एक जास्तीचं जवळ ठेवा, पायाखाली आलं की फुटतं.

मांडव

मेणबत्तीचं मी आजच करून बघितलं, ट्रायपॉडच्या पिशवीची चेन वर्षभर अडत होती ती आता बोटाने सरकतेय. रेल्वेबद्दल एक राहिलं. गणपतीत, शिमग्यात दिवा-सावंतवाडी किंवा तुतारीला जी गर्दी असते त्यात वरच्या रॅकवर कॅमेरा ठेवायचा नाही, कुणीतरी त्यावर आंब्याची पेटी नाहीतर गणपतीचं मखर ठेवतंच. सॅक मांडीवर किंवा पायाखाली. आणि कंपनीचं मोठं नाव लिहिलेली सॅक असेल तर काळ्या दोऱ्याने ते नाव टाचून टाका, साधी सॅक दिसली की कुणी दुसऱ्यांदा बघत नाही. हा पण साध्या सॅकेच्या बाजूचा मुद्दा झाला, मान्य करतो.

खाडीकाठ

मंडळी, घेतली. सगळं सांगते कारण तुम्ही इतका वेळ दिलात.

मुंबईला कामाला गेले होते तेव्हा दोन दुकानं फिरले, मोठी लेन्स आणि फूटपट्टी सोबत. पहिल्या दुकानात कॅमेऱ्याची सॅक बघितली, देखणी होती, बाजूची चेन पण छान, पण आतली उंची ३८ भरली आणि रिकामीच वजनकाट्यावर २ किलो ३००. दुसरीकडे प्रवासाची सॅक मिळाली ३२ लिटरची, पाठीकडून उघडणारी, आत ४४ सेंटिमीटर, वजन दीड किलोच्या आत, खांद्याचे पट्टे सरकवता येतात, खालून दुसऱ्या खाचेत माझ्या ३९ ला बरोबर बसले. कमरेचा पट्टा पहिल्यांदाच हाडावर आला, मला वाटलं कुणीतरी मागून सॅक उचलून धरलीय. बाजूला चेन आहे पण अरुंद, कॅमेरा छोट्या लेन्ससकट निघतो, मोठीसकट नाही. सॅक साडेसात हजार, लांबट क्यूब तीनच्या आसपास, ड्रायबॅगा दोन, उरलेल्या पैशात हवाबंद डबा आणि मीटर. मीटरने पहिल्या दिवशी आमच्या माजघरात ८४ दाखवलं. डब्यात आता ४६ आहे.

लेन्स भिंग यांच्याकडे दाखवली. सुरुवातच होती, साफ झाली. त्यांनी काच उघडून तो तंतू मला भिंगातून दाखवला, फांद्या फुटलेल्या झाडासारखा. ते बघितल्यापासून जुनी सॅक कपाटातूनच काढून टाकली.

काल घरी एक प्रयोग केला. सॅकेत सगळीकडे कोरडे पेपर कोंबले, एक ड्रायबॅगेत, एक लॅपटॉपच्या कप्प्यात, एक तळाला. रेनकोट घालून सॅक पाठीला लावली आणि भावाला सांगितलं पंपाची नळी धर, दहा मिनिटं, वरून आणि मानेवरून. आजी पडवीतून ओरडत होती की पोरीला ताप येईल. उघडलं तर लॅपटॉपच्या कप्प्यातला पेपर खालच्या कोपऱ्यात ओला, जिथे खांद्याचा पट्टा शिवलाय बरोबर तिथेच, कातळसडा यांनी लिहिलं होतं तसंच. तळाचा पेपर दमट. ड्रायबॅगेतल्या पेपरवर शाई पण फुटली नव्हती.

त्या शिवणीला आतून सीम सीलर, म्हणजे शिवणीची भोकं बुजवणारा लेप, लावायचा विचार आहे, ट्यूब मिळते म्हणे. कुणी लावलाय का, आणि पीयूच्या लेपावर धरतो ना? टीपीयूची सॅक शोधली पण माझ्या मापाची मिळाली नाही. तोवर लॅपटॉप ड्रायबॅगेतच. उद्या सकाळी हर्णैला काम आहे, धोपाव्याची पहिली बोट धरते.

कातळसडा

पीयूवर पॉलियुरेथेनचाच सीलर लावा, सिलिकॉनवाला धरत नाही, सुकल्यावर सोलून निघतो. शिवण आधी स्पिरिटने पुसा, पातळ थर द्या, रात्रभर उघडी ठेवा. पावसाळी हवेत सुकायला एक दिवस जास्त धरा, अंगठा लावून चिकटत नाही ना बघितल्याशिवाय सामान भरू नका.